बिनपंख्याचा डबा

"अण्णा, परत सर्व्हरचं बटण बंद केलंत?" खांद्यावरची ऑफिसची बॅगसुद्धा मी अजून उतरवली नव्हती.

"कुणी बघत नव्हतं. उगाच कशाला जळत ठेवायचं?" वडील पेपरातून मान वर न करता म्हणाले.

घरातले सगळे फोटो, व्हिडिओ एका जागी राहावेत म्हणून मी हा डब्याएवढा सर्व्हर स्वतः जोडला होता. तो दिवसरात्र चालू ठेवावा लागतो, आणि अण्णा तर चार्जरचंही बटण आठवणीने बंद करणारे. त्यांची कटकट नको म्हणून कित्येक आठवडे डोकेफोड करून मी सगळ्यांत कमी वीज खाणारा प्रोसेसर निवडला. त्याला थंड ठेवायला पंखासुद्धा लागत नाही. हे मी रोज समजावायचो. ते रोज "बरं" म्हणायचे, आणि माझी पाठ वळली की बटण बंद!

आज मात्र माझा तोल गेला. "आईचे सगळे व्हिडिओ त्यात आहेत, अण्णा! असं मधेच बंद करून ते खराब झाले तर? ती गेल्यावर तेवढंच उरलंय आपल्याकडे."

अण्णांनी पेपराची घडी घालून तो बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी आलो, तर सर्व्हर चालू. पण समोर स्टुलावर टेबलफॅन ठेवून त्याचा वारा थेट त्या डब्यावर सोडलेला. छताचा पंखा बंद, आणि खाली अण्णा घामाघूम.

मी कपाळावर हात मारला. "अहो, हा फॅन त्याच्या कितीतरी पट वीज खातो!"

"हात लावला तर गरम लागला," अण्णा म्हणाले. "तुझ्या आईला उकाडा सोसायचा नाही."