पाच गजांची खिडकी

रविवार, सकाळचे नऊ.

टीव्हीवर भरतकामाचं पांढरं कव्हर, कडेनं लाल फुलं, मागं पार खालपर्यंत लोंबणारं.

'रुकावट के लिए खेद है.' शाळेतल्या एकूण एक पोराला हे पाठ होतं. कविता नव्हत्या.

समाजमंदिराच्या छपरावरचा लोखंडी पाइप. त्यावर आता पंचशील ध्वज असतो.

पाच गज, आणि गजांमधून आत आलेली बोटं.

*

प्रज्वलनं पाटी रंगवून आणली होती. शाळेचा अमृतमहोत्सव, त्यात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन आणि मधोमध साधनाच्या माहेरचा टीव्ही. पाटीवर लिहिलं होतं : 'सरपंच बबनरावांचा टीव्ही. इथं अख्खं गाव एकत्र बसायचं.' प्रज्वल साधनाचा भाचा, बबनरावांचा नातू, शाळा समितीचा अध्यक्ष. टीव्ही बंद पडला तेव्हा तो जन्मलाही नव्हता, पण आठवणी मात्र तो डोळ्यांनी पाहिल्यासारख्या सांगायचा.

साधना वाशिमहून दोन दिवस आधीच आली होती. तिनं पाटी वाचली आणि तिचे कान तापले.

अख्खं गाव नव्हतं बसत. गाव बैठकीत बसायचं. बौद्ध वस्तीतली पोरं खिडकीबाहेर उभी राहायची. साधनाची आई चतुराबाई आंघोळ करून टीव्हीला हार घालायची, उदबत्ती लावायची, मग त्याची लाकडी दारं सरकवायची. पौराणिक मालिकेच्या शेवटच्या भागाला तर शिरपूरचे पाहुणेसुद्धा आले होते. खिडकीतून ऊन पडद्यावर येतं, काही दिसत नाही, असं कुणीतरी कुरकुरलं. तेरा वर्षांची साधना खिडकीपाशी बसली होती. ती उठली आणि तिनं खिडकी लोटली.

बाहेर धम्मदीपा होती. शाळेत तिच्याच बाकावर बसणारी. बोटं गजांतून आत होती तिची. ओरडली नाही. बोटं तेवढी मागं गेली.

साधनाला तो शेवटचा भाग कसा संपला ते आजही आठवत नाही. सदतीस वर्षं झाली. नवऱ्यालाही तिनं हे कधी सांगितलं नव्हतं.

प्रदर्शनाची फीत धम्मदीपानं कापावी, असं तिनं प्रज्वलला सुचवलं. तो लगेच हो म्हणाला. अडून बसली ती चतुराबाई.

"काहून नेऊन राह्यले वं तो डब्बा? घरीच राहू दे."

म्हातारपणी वस्तूंत जीव अडकतो, असं साधनाला वाटलं. टीव्हीचं कव्हर आईनं कधी कुणाला काढू दिलं नव्हतं. धुवायचं असलं की स्वतः काढायची, तेही बैठकीचं दार लावून.

*

धम्मदीपा मंगरूळपीरला नर्स. सुट्टीवर घरी आली होती. अंगणात तिचे वडील शेषराव बाजेवर बसले होते, ऐंशी उलटलेले. साधना त्यांना काका म्हणाली आणि मध्येच थांबली. लहानपणी ती त्यांना नुसतं शेषराव म्हणायची, घरातले सगळे म्हणायचे तसं.

सांगायचं म्हणून वाटेत जुळवलेलं सगळं विसरलं.

"दीपा, ती खिडकी मी लावली होती."

"मले मालूम आहे. तिथं तूच बसे."

"मला माफ कर."

धम्मदीपानं उजव्या हाताचं मधलं बोट पुढं धरलं. नख दुभंगलेलं होतं. "आलं ना वापस," ती म्हणाली. "वाकडं आलं, पण आलं. चहा घे."

साधनाला रडू आवरेना. फीत कापायचं धम्मदीपानं कबूल केलं. शेषरावांनी एकच विचारलं.

"त्या टीव्हीचं डावं दार अटके. अजून अटकते काय?"

"हो काका, अजून अडकतं."

"कुठं ठेवून राह्यले?"

"हॉलच्या मधोमध."

"मधात. मंग मागूनबी दिसन," ते म्हणाले. "मीबी येतो."

परतताना साधनाच्या मनात आलं, शेषराव तर कधी खिडकीपाशीसुद्धा आले नव्हते. मुलीनं सांगितलं असेल घरी. वाट संपता संपता पाय हलके झाले होते.

*

चतुराबाई आली नाही. बीपी वाढलंय म्हणाली.

फीत कापून झाली. प्रज्वल आजोबांच्या मोठ्या मनाबद्दल बरंच बोलला. साधना मान खाली घालून ऐकत होती. मग तिनं माइक घेतला आणि सगळं सांगितलं. बाहेर उभी पोरं, ऊन, खिडकी, बोटं.

"टीव्ही आमचा होता," शेवटी ती म्हणाली, "पण त्याच्यासमोर सगळ्यांना जागा द्यायला हवी होती आम्ही. नाही दिली. मला त्याची लाज वाटते."

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत कुणीतरी डोळे पुसले. साधनानं शेषरावांचा हात धरून त्यांना पुढं आणलं. "जवळून पाहा, काका," असं म्हणत तिनं स्वतःच्या हातानं कव्हर ओढून काढलं.

शेषराव पडद्यासमोर थांबले नाहीत. ते सरळ टीव्हीच्या मागं गेले आणि लाकडी पेटीच्या पाठीवर बोट टेकवून उभे राहिले. साधना त्यांच्या मागोमाग गेली. पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेली दोन ओळींची अक्षरं होती, थोडी उडालेली.

'सामुदायिक दूरदर्शन संच. समाजमंदिर, बौद्ध वस्ती.'

सरकारी जीपमधून टीव्ही खांद्यावर उतरवून घेतला होता तो शेषरावांनीच. अँटेनासाठी समाजमंदिराच्या छपरावर लोखंडी पाइप त्यांनी आदल्या दिवशीच रोवून ठेवला होता.