नागूबाईचा टॉवेल

या, असे जवळ सरका. लांबण लावत नाही. एका गोलाची गोष्ट सांगायची आहे, एवढीच.

अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागच्या मैदानावर लूम कामगारांच्या कपाची फायनल. रविवारची दुपार कलत आलेली. दोन्हीकडे शून्य, शेवटच्या शिट्टीला तीन मिनिटं. कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर नागूबाई बसलेली. मांडीवर घडी घातलेला टॉवेल, त्यावर दोन्ही हात.

या कपाची एक रीत आहे. जो गोल मारील त्याच्या घरचं माणूस मैदानात येतं आणि त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकतं. टॉवेल विणणाऱ्यांचं गाव. हारतुऱ्याचं कौतुक कुणाला? धर्मपालचा शाळेपासूनचा दोस्त, लूमवर काम करणारा आरिफ; त्याच्या घरी असे नऊ टॉवेल जमले होते. त्याची बायको जाहिदा आज दहावा घेऊन नागूबाईशेजारी बसली होती.

नागूबाईचा टॉवेल मात्र चौदा वर्षं पेटीत पडून. तिचा मुलगा धर्मपाल फुटबॉलवर पोट भरायला बाहेर पडला, त्याच आठवड्यात तिनं तो आरिफकडून विणून घेतलेला. पांढरा, लाल काठाचा. धर्मपाल अकरा क्लबांकडून खेळला. कोलकाता, गोवा, कोझिकोड, शिलाँग. कुठं दोन हंगाम, कुठं एक, कुठं नुसताच बाकावर. गोल मारणं हेच त्याचं काम, आणि ते त्यानं केलंही, पण आईच्या नजरेपासून हजार कोसांवर. आता गुडघ्यानं हात टेकले म्हणून घरी आलेला. हा शेवटचा सामना. आणि नेमका आता नागूबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. शर्टाचा पिवळा रंग तेवढा दिसायचा.

"धर्मा कुटं हाय गं?"

"तो काय मावशी, गोलच्या म्होरं."

"मारील न्हवं?"

"मारतोय की. बसा तुमी."

आता आरिफचं ऐका. वर्षा-दोन वर्षांनी लूमच्या खडखडाटात त्याच्या मोबाइलवर धर्मपालचा फोटो यायचा, दर वेळी नव्या रंगाच्या शर्टात. आरिफ तो अख्ख्या शेडला दाखवायचा. "आपला दोस्त!" म्हणायचा. मग तुटलेला धागा जोडता जोडता एकच मनात यायचं: शाळेत गोल त्याचे होते, पण पास कुणाचे? मत्सर असाच असतो, बाबांनो. तोंडानं वाहवा करतो आणि पोटात जळत राहतो. आज तर दोघं एकाच पिवळ्या शर्टात. सामन्याआधी माइकवाल्यानं धर्मपालचे अकराच्या अकरा क्लब वाचून दाखवले, टाळ्या थांबेपर्यंत थांबला, आणि मग म्हणाला, "आणि आपला आरिफ."

तेवढंच. आणि आपला आरिफ.

तीन मिनिटांतली दोन संपली आणि बॉल उजव्या कडेला आरिफच्या पायात आला. त्यानं एकाला हुलकावणी दिली, दुसऱ्याला मागं टाकलं. समोरचा गोलकीपर मल्लेश त्याच्या अंगावर धावून आला. डावीकडं धर्मपाल मोकळा. हात वर.

"आरिफ, दे!"

त्यानं नुसता पाय लावायचा होता. आरिफला तो हात दिसला, तो आवाज ऐकू आला. चौदा वर्षं त्याच्या उजव्या पायात उतरली. त्यानं मान वळवलीच नाही. स्वतःच हाणला. मल्लेशच्या बोटांना घासून बॉल जाळ्यात.

मैदान उसळलं. जाहिदा टॉवेल झटकून उभी राहिली. पण तिच्या आधी नागूबाई निघाली होती. चपला खुर्चीखालीच.

"मारला! माज्या धर्मानं मारला!"

ठेचकाळत, पिवळ्या रंगाच्या रोखानं ती मैदानात शिरली.

"आई, अगं हळू, पडशील!" धर्मपाल धावला. आवाज ओळखून तिनं त्याचं तोंड चाचपलं आणि टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला. हातांनी सारखा केला. पुन्हा सारखा केला.

"आई, ऐक तरी. तो गोल..."

त्यानं आरिफकडं पाहिलं.

आरिफ दोन हात अंतरावर उभा होता. त्याची नजर टॉवेलावर. डाव्या काठात एक धागा सुटलेला. तेव्हा तो लूमवर नवा होता. नागूबाईला सांगायचं राहून गेलेलं. छातीत अजून तेच जळत होतं. गोल माझा. हे माणसांचं ओरडणं माझं.

"व्हय मावशी," तो मोठ्यानं म्हणाला. "धर्मानंच मारला. मी नुसता पास दिला."

दोनशे माणसांनी ऐकलं. माइकवाल्यानं तोंडाजवळ नेलेला माइक खाली घेतला. मल्लेश जाळ्यातून बॉल काढत होता, तो तसाच वाकून राहिला. कडेला जाहिदानं उलगडलेल्या टॉवेलाची पुन्हा घडी घातली.

"तूच देनार की लेकरा," नागूबाई आवाजाच्या दिशेनं म्हणाली. "शाळंपासनं तूच देत आलायस. मला काय ठावं न्हाय व्हय?"

आरिफनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिला.

धर्मपाल त्याच्याजवळ सरकला. आईला ऐकू जाणार नाही असं म्हणाला,

"लई लेट दिलास पास."

"तू ऑफसाइड होतास," आरिफ म्हणाला.

तर मंडळी, उद्या आंघोळ करून टॉवेल खांद्यावर टाकाल, तेव्हा काठावरून एकदा बोट फिरवा. कुठं सुटलेला धागा लागला, तर आमच्या आरिफची आठवण काढा.