मोजून दिलेली झाडं

"मॅडम, तुमच्या मुलांनी यादी छान केलीय. एकही झाड शोधावं लागत नाही," झाडं तोडायला आलेला ठेकेदार म्हणाला. यादीखाली माझी सही होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या बावीस विद्यार्थ्यांनी कॉलेजमधलं एकेक झाड मोजून त्यावर पांढरा आकडा रंगवला होता. "नोंद झालेल्या झाडाला कुणी हात लावत नाही, बाई," प्राचार्य म्हणाले होते. तोच शब्द मी मुलांना दिला होता.

आता नव्या इमारतीसाठी चौऱ्याऐंशी झाडांवर लाल फुल्या होत्या. मी प्राचार्यांना फोन लावला.

"परवानगीला यादी लागतेच ना, बाई. मनाला लावून घेऊ नका. बदल्यात रोपं लावू."

करवत सुरू झाली तशी मुलं धावत आली. सगळ्यांत पुढे शमिका. तिने यादीवरची सही वाचली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही गं."

ती मुलांकडे वळली. "चला रे, एकेक झाड धरून उभे राहा." मीही त्यांच्यामागे निघाले, तर तिने मला थांबवलं.

"मॅडम, तुम्ही घरी जा. आज गुरुवार, उपास असेल तुमचा."

इतक्या अदबीने मला आजवर कुणी हाकललं नव्हतं.