पद रिक्त नाही

योगेंद्र पाटीलने अर्ज गोपालभाईंच्या टेबलावर आपटला. अर्जावर लाल शाईचा शेरा होता, ‘पद रिक्त नाही’. संचालकपदासाठी हा चौथा अर्ज, आणि शेरा पहिल्यापासून तोच.

“केबिनला कुलूप. खुर्चीवर बोटभर धूळ. आणि पद रिक्त नाही?”

“मला एवढंच लिहिता येतं, साहेब.”

गोपालभाई आस्थापना विभागाचे अधीक्षक. अर्धं गुजराती, अर्धं मराठी बोलत, आणि दोन्हींत काही सांगत नसत.

विद्यापीठाच्या माहिती तंत्रज्ञान विभागात नेतृत्वाची टंचाई नव्हती. संचालक, सहसंचालक आणि उपसंचालक अशी तीन पदं होती. सहसंचालक मूळचे शारीरिक शिक्षणाचे. उपसंचालक वनस्पतिशास्त्राचे, सर्व्हर रूममध्ये इतका गारठा कशाला, असं त्यांनी एकदा सहानुभूतीने विचारलं होतं. बाकी काम योगेंद्र करायचा. सिस्टीम अॅनालिस्ट, सतरा वर्षं.

संचालकांना मात्र कोणी पाहिलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी तपासणी समिती येणार म्हणून दोन दिवस धावपळ झाली. सगळ्यांकडून पदव्यांच्या प्रती आणि कोऱ्या नमुन्यांवर सह्या गोळा झाल्या. बंद केबिनवर ‘संचालक’ अशी पितळी पाटी लागली. समिती समाधानाने जेवून गेली, पाटी राहिली. गांधीनगरच्या कुणा बड्या माणसाचा मेहुणा असणार, असं कँटीनने ठरवून टाकलं. योगेंद्रने माहिती अधिकारात नाव मागितलं, तर ती संबंधित व्यक्तीची खासगी माहिती आहे, असं उत्तर आलं.

जूनमध्ये सर्व्हरच्या बॅटऱ्या बसल्या. नव्या बॅटऱ्यांची फाईल योगेंद्रने दोन वर्षांपूर्वीच पाठवली होती, संचालकांच्या सहीसाठी. शिपायाने ती रीतसर केबिनच्या दाराखालून आत सारली होती. विभागात पत्रव्यवहाराची पद्धतच ती होती.

निकाल नऊ दिवस अडकले. नवागाम वस्तीतल्या प्रियांकाला गुणपत्रक वेळेत मिळालं नाही आणि तिची पुढच्या प्रवेशाची जागा गेली. तिचा बाप किसन लूमवर बारा तास उभा असतो. आई तारा योगेंद्रच्या घरी आली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. “तुम्ही तिथले मोठे साहेब ना, म्हणून आले,” एवढंच म्हणाली आणि चहा न घेता गेली.

“तुले खुर्ची कव्हय भेटी रे भाऊ?” उषाबाईने, त्याच्या आईने, त्या दिवशी पुन्हा विचारलं. योगेंद्र ताटावरून उठला.

तेव्हापासून त्याने संचालकांविरुद्ध चौदा तक्रारी केल्या. प्रत्येकीची पोच घेतली. संचालक गेला की पद रिक्त, आणि पद रिक्त झालं की सेवाज्येष्ठतेत पहिलं नाव योगेंद्रचं. पण आता नुसत्या खुर्चीने त्याचं समाधान होणार नव्हतं. त्याला तो माणूस रस्त्यावर आलेला बघायचा होता.

“जवा दो ने, सोडून द्या, योगेंद्रभाई,” चौदावी तक्रार घेताना गोपालभाई हळूच म्हणाले. “माणूस वाईट नाही. त्याच्यापर्यंत कागद पोचत नसतील.”

“तुम्ही त्याची वकिली करू नका.”

गोपालभाईंनी शिक्का मारला.

कुलसचिवांनी त्याला बोलावलं ते ऑगस्टमध्ये. निकालाबद्दल वर्तमानपत्रवाले रोज फोन करत होते. कुणावर तरी कारवाई झाली, असं सांगता येणं आता कुलसचिवांनाही हवं होतं. त्यांनी चौदाही तक्रारी शांतपणे चाळल्या आणि योगेंद्रला नेमकं काय हवं, ते विचारलं.

“बडतर्फी. बदली चालणार नाही, समज देऊन सोडणं तर नाहीच.”

तीन नोटिसा काढल्या, एकीलाही उत्तर नाही, असं कुलसचिव म्हणाले. त्या दाराखालूनच गेल्या; तेव्हा त्या पोचल्या म्हणायच्या का, ही अडचण होती. योगेंद्रने त्यांच्याच कपाटातून नियमावली काढली, पान उघडलं आणि बोट ठेवलं. कार्यालयीन पत्त्यावर दिलेली नोटीस बजावली गेली, असं समजलं जातं.

“हे तुम्ही लेखी द्याल?”

“आत्ता देतो.”

तो लिहीत असताना कुलसचिव खिडकीबाहेर बघत होते. “एकदा विचार करा, योगेंद्रभाई. त्या माणसालाही घरदार आहे.”

“प्रियांकालाही आहे,” योगेंद्र म्हणाला आणि सही केली. सही इतकी दाबून केली की खालच्या कागदावर उमटली.

पुढच्या सोमवारी गोपालभाई स्वतः पाकीट घेऊन विभागात आले. पाकिटावर फक्त ‘गोपनीय’. योगेंद्रने शेवटचं पान आधी काढलं. सतरा वर्षांच्या नोकरीत तो एवढं शिकला होता की आदेशात वाचण्यासारखं तिथेच असतं. चौदाही आरोप सिद्ध. गंभीर हलगर्जीपणा. नोटिसांना उत्तर देण्याचं सौजन्यही नाही. संचालकांना आजपासून सेवेतून बडतर्फ करण्यात येत आहे.

त्याने ते दोनदा वाचलं. मग सगळ्या विभागासाठी गरम लोचोचा नाश्ता मागवला, बायकोला, वर्षाला फोन करून ‘आईला सांग’ म्हणाला आणि कुलूपबंद केबिनकडे बघून एक शिवी हासडली. सहसंचालकांनी त्याचा हात हातात घेऊन व्यायामशिक्षकाच्या जोमाने हलवला. आता रिक्त पदाची जाहिरात कधी निघते, असं योगेंद्रने गोपालभाईंना विचारलं.

गोपालभाईंनी पोच-वही पुढे केली. त्याने ऐटीत सही ठोकली.

“तक्रारदारालाही प्रत देता, हे माहीत नव्हतं.”

“नाही देत,” वही मिटत गोपालभाई म्हणाले. “ही प्रत नाही, साहेब. मूळ आदेश आहे. ज्याला काढलं, त्याच्या हातातच द्यावा लागतो.”