नको इतकी चांगली तार

खाडीकाठच्या दवाखान्यात मेंदूतली एकेक पेशी दाखवणारं चुंबकाचं यंत्र येऊन तीनच दिवस झाले होते. पोलादासारखी चिवट आणि तरी जवळजवळ तांब्याइतकी वीज वाहून नेणारी मिश्रधातूची तार निघाल्यापासून असली यंत्रं तालुक्यातालुक्यात पोचत होती. पहिले पेशंट होते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक तोडणकर गुरुजी. त्यांचा उजवा हात थरथरायचा.

"गुरुजी, जरा थांबा," तंत्रज्ञ शर्वरी मयेकर म्हणाली. सकाळीच तिने यंत्राच्या वेटोळ्यातून वीज सोडून पाहिली होती. खरी मिश्रधातू तांब्यापेक्षा थोडी कमीच वीज वाहू देते. ही तार मात्र थेट शुद्ध तांब्याइतकी निघाली. आणि नुसत्या तांब्याचं वेटोळं चुंबकाच्या पूर्ण जोरात टिकत नाही, फुटतं.

"मॅडम, तार जास्त चांगली निघाली तर तक्रार कसली?" तिने हे सांगितल्यावर यंत्राच्या कंपनीचे इंजिनिअर दातार हसले. "सर्टिफिकेट आहे ना!"

"मग आधी तुम्हीच झोपा."

दातारांनी गुरुजींकडे पाहिलं, घड्याळ काढलं, बूट काढले आणि ते मुकाट्याने टेबलावर आडवे झाले. शर्वरी वरमली. उगाच एका भल्या माणसावर संशय घेतला, असं तिला वाटलं. तिने बटणाकडे हात नेला.

"जोर निम्म्यावरच ठेवा हं," दातार छताकडे बघत म्हणाले.

"गुरुजींसाठी तर पूर्ण लावायला सांगितलं होतंत."

दातार टेबलावरून उठून बूट घालू लागले.

शर्वरीने मेन स्विच बंद केला आणि किल्ली काढून घेतली.

"चला गुरुजी," ती म्हणाली, "तपासणीला रत्नागिरीच्या मोठ्या दवाखान्यात मी येते तुमच्याबरोबर."