केशरी रताळं

“या खेपेलाही नापसंत,” बाई म्हणाल्या आणि खुर्चीत टेकल्या. “नेमकं काय खटकतंय, तेवढं तरी सांगा.”

टेबलाभोवतीच्या सहा जणांनी आपापल्या रिकाम्या बशांकडे पाहिलं.

बाई पीक संशोधन केंद्रात रताळ्याचं नवं वाण तयार करत होत्या. आतून गाजरासारखं केशरी, शरीराला अ जीवनसत्त्व देणारं. पलीकडच्या वस्तीतल्या कित्येक मुलांना या जीवनसत्त्वाच्या अभावी दिवस मावळला की जिन्याच्या पायऱ्या दिसत नसत. पण लोकांनी आवडीनं खाल्लं, तरच त्याचा उपयोग. म्हणून आठवड्यातून एकदा आसपासची निवृत्त मंडळी चव बघायला यायची. खाऊन झालं की एकेकानं पडद्याआड जायचं आणि हातातली चकती पसंतीच्या किंवा नापसंतीच्या डब्यात टाकायची. सहाही जणांची पसंती मिळाल्याशिवाय वाण पुढे जाणार नव्हतं. डबे बाई मागाहून एकट्याच उघडायच्या.

“जरा मऊ आहे,” मास्तर म्हणाले.

“मला तर कडक लागलं,” नर्सताई म्हणाल्या.

“तुम्ही दोघं कवळ्या बदलून बघा,” पोस्टमन अण्णा म्हणाले. बाई सोडून सगळे हसले.

शिंपीकाकाही हसले. आठवडाभरात ते हसायचे ते इथेच. बायको गेल्यापासून घरात शिलाई मशीनचाच काय तो आवाज होता. नजर अधू झाली आणि तोही थांबला. कधीकधी ते दुकानात जाऊन उगाच भाव विचारून यायचे. तेवढंच बोलणं व्हायचं.

रताळं त्यांना पहिल्या घासालाच आवडलं होतं. पण त्याच दिवशी बाई सहज बोलून गेल्या होत्या, “पसंत पडलं की तुमची सुटका.” म्हणजे मग हे येणं-बसणंही संपणार, हे काकांच्या ध्यानात आलं. तेव्हापासून दर वेळी ते आपली चकती गुपचूप नापसंतीच्या डब्यात टाकत होते.

बाकीच्यांचं बरं होतं. मास्तर सुनेच्या हातच्या जेवणाचं कौतुक करताना थकत नसत. नर्सताईंना मुलाचा रोज फोन यायचा. आजही “घरी पाहुणे यायचेत, निघायला हवं,” असं म्हणत त्या तासभर बसल्या होत्या. या सहा जणांत बिनमाणसांचे आपण एकटेच, हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात बाईंनी रताळी भाजून आणली. बशा वाढून झाल्यावर त्या उभ्याच राहिल्या.

“आजची चाचणी शेवटची. आज नापसंत झालं, तर हे वाण बंद. केंद्रानं तसं कळवलंय.” त्यांनी हातातलं भांडं टेबलावर ठेवलं. “काल संध्याकाळी वस्तीत गेले होते. एका मुलीला आईनं वाटी दिली, तर ती हवेतच चाचपत राहिली. वाटी तिच्या पुढ्यातच होती.”

आज कुणी कवळ्यांवरून बोललं नाही. रताळं खरपूस झालं होतं, गोडही. काकांचा घास मात्र तोंडातच फिरत राहिला.

एकेक जण पडद्याआड जाऊन आला. अण्णांना आत बराच वेळ लागला. नर्सताई डोळे पुसत बाहेर आल्या. “धूर फार झालाय,” म्हणाल्या.

शेवटी काका गेले. चकती मुठीत धरून ते दोन्ही डब्यांसमोर उभे राहिले. पुढच्या आठवड्यातली दुपार त्यांना दिसली: खिडकी, रिकामी खुर्ची आणि आपल्याच चमच्याचा आवाज. मग वाटी चाचपणारा तो हात दिसला.

त्यांनी चकती पसंतीच्या डब्यात टाकली. पत्र्याचा डबा टणकन वाजला.

बाहेर येऊन त्यांनी प्रत्येकाकडे एकवार नीट बघून घेतलं. मास्तर चष्मा पुसत होते. अण्णा बशीतली सालं एकावर एक रचत होते. आता ही माणसं रस्त्यात भेटली तरच. काकांना फार हलकं वाटत होतं, आणि फार रिकामंही.

“पोरांचं भलं होईल, बाई,” ते म्हणाले.

“आज सगळ्यांसमोरच उघडते,” बाई म्हणाल्या. त्यांनी पडद्यामागून पसंतीचा डबा आणला आणि टेबलावर उपडा केला.

आतून एकच चकती पडली.