ढब्बू जेवत नाही

नव्यानेच घरी आणलेला गिनीपिग, ढब्बू, सकाळपासून काकडीला तोंड लावेना, तशी आईच्या तोंडचं पाणी पळालं. ती घडीघडी त्याच्या पिंजऱ्यात डोकावायची, उचलून पोट चाचपायची, गाजर तोंडाशी धरायची. शेवटी दुपारी लेकीला आणि ढब्बूला घेऊन तिने प्राण्यांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी त्याला नीट तपासलं. "ताई, हा ठणठणीत आहे, फक्त तुमचा धसका घेतलाय त्याने. सारखं डोकावू नका, चाचपू नका, तोंडात कोंबू नका. भूक लागली की खाईल आपणहून."

"अहो, मी आपली काळजीपोटी..." आई ओशाळून हसली.

 

तेवढ्यात लेक टेबलाशी सरकून हळूच म्हणाली, "डॉक्टरकाका, हे सगळं माझ्यासाठीपण लिहून द्या ना!"